मामांचे कान

यात्रेचे दिवस होते. माण तालुक्यातील एका गावात घरोघर पाहुणे आले होते. आक्काच्या घरी तिचा धाकटा भाऊ मुंबईहून आला होता. आक्काचा मुलगा मोठा झालेला. त्याचे हे मामा.

मामा मुंबईला विमानतळावर लोडर आहेत. लोडर म्हणजे विमानात सामान चढवणारा आणि उतरवणारा कामगार. चौदा वर्षे झाली, ते हेच काम करतात.

मामा ओट्यावर बसले होते. तोंड रस्त्याकडे होते. आक्काने स्वयंपाकघराच्या दारातून हाक मारली, "बापू, चहा झालाय रे!"

मामा हलले नाहीत. आक्काने पुन्हा हाक मारली. तरी नाही. मामांचा मोबाईल शेजारीच पडला होता. तो वाजला, वाजून थांबला. मामांनी तिकडे पाहिलेही नाही.

तेवढ्यात मागच्या बाजूने पाटील आले. त्यांचा आवाज जाडा, ढोलासारखा. "काय पाव्हणं, कधी आलात?" असे ते म्हणाले, आणि मामा लगेच वळले. "या, या, पाटील," म्हणाले.

आक्काच्या डोळ्यांत पाणी आले. शेजारीण म्हणाली, "मुंबईला गेलं की माणूस असंच होतं बाई. पाटलाची हाक ऐकू येते, बहिणीची येत नाही."

आक्का काही बोलली नाही. तिने चहाचा पेला मुलाच्या हाती बाहेर पाठवला.

पण मुलाच्या मनात ते राहिले. रात्री जेवणे झाली. अंगणात चटई टाकली होती. मुलाला मामांशी बोलायचे होते, ते वेगळ्याच कामाचे. नवी मुंबईचा नवा विमानतळ झाला आहे. त्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झाले. २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून विमाने सुटू लागली. विमान आले म्हणजे सामान आले, आणि सामान आले म्हणजे हमाल आले. गावातली दोन पोरे तिकडे जायचे म्हणत होती. आपणही जावे असे याला वाटत होते.

तो मामांच्या डाव्या अंगाला बसला आणि बोलू लागला. मामा म्हणाले, "इकडं समोर ये. उजेडात बस. तोंड दिसलं की मला कळतं."

"म्हणजे मामा, तुम्हाला ऐकू येत नाही?"

मामा थोडे थांबले. मग म्हणाले, "येतं. पण सगळं येत नाही. जाडा आवाज येतो. बारीक आवाज येत नाही. बायकांचं, पोरांचं बोलणं अर्धं येतं. मोबाईल वाजलेला कळत नाही. पाखरांचा आवाज तर किती वर्षं झाली, ऐकलाच नाही. आणि रात्री सगळं शांत झालं ना, की कानात रातकिडे ओरडतात. बाहेर रातकिडे नसले तरी."

आक्का आत भांडी घासत होती. तिचा हात थांबला.

मामांना हे कसे झाले, ते आता नीट समजून घेऊ.

आपल्या कानाच्या आत, खोल, गोगलगाईच्या शिंपल्यासारखा वळणाचा एक लहानसा अवयव आहे. त्यात अतिशय बारीक केस असलेल्या पेशी असतात. एका कानात अशा पंधरा हजारांच्या आसपास पेशी असतात. आवाज आत शिरला की हे केस हलतात, आणि मेंदूला खबर जाते. असे आपल्याला ऐकू येते.

वाऱ्याने ज्वारीचे उभे पीक वाकते. वारा थांबला की पुन्हा उभे राहते. पण रोजच वादळ आले तर? धाटे मोडतात. कानातल्या केसांचे तसेच आहे. मोठ्या आवाजाने ते वाकतात. विश्रांती मिळाली की सावरतात. रोज रोज मार बसला की मरतात. ज्वारी पुढच्या साली पुन्हा पेरता येते. कानातल्या या पेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही, तेल नाही. कानात गरम तेल घालणारे पुष्कळ भेटतात, त्यांच्या नादी लागू नये.

आधी मरतात त्या बारीक, तीक्ष्ण आवाज टिपणाऱ्या पेशी. म्हणून 'स', 'श', 'फ', 'ट' ही अक्षरे आधी हरवतात. बायकांचा व मुलांचा आवाज बारीक असतो, तोही हरवतो. पाटलांसारखा जाडा आवाज मात्र पुष्कळ दिवस ऐकू येत राहतो. माणसाला वाटते, मला ऐकू तर येते. हे लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात. घरच्यांना वाटते, हा मुद्दाम ऐकत नाही. घरात भांडणे होतात. आणि खरा चोर कोण ते कोणालाच कळत नाही, कारण तो चोर दुखत नाही. पाय मोडला तर माणूस ओरडतो. कान जातो तेव्हा कोणी ओरडत नाही.

भाच्याने विचारले, "पण मामा, सामान चढवताना विमानाचं इंजिन बंदच असतं ना?"

"पंखांखालची मोठी इंजिनं बंद असतात. पण शेपटीत एक लहान इंजिन असतं. विमान उभं असताना दिवे, थंड हवा हे सगळं त्याच्यावर चालतं. ते पुष्कळदा चालूच असतं. शेजारचं विमान सुटायला लागतं, त्याची मोठी इंजिनं चालू होतात. ट्रॅक्टर, सामान वर नेणारा पट्टा, सगळं धडधडत असतं. आठ आठ तास त्यात उभं राहायचं. गावात डीजे लागतो, तो दोन तासांनी बंद होतो. इथं बंद होत नाही."

आवाज मोजण्याचे माप असते. जसा किलो, जसा लिटर, तसा डेसिबल. साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. आवाजावर अभ्यास करणारे तज्ज्ञ सांगतात की ८५ डेसिबलपर्यंतच्या आवाजात माणसाने दिवसाला आठ तास काम करावे, त्याहून जास्त नाही. आता या मापाची एक खोड ध्यानात ठेवा. ८५ च्या जागी ८८ झाले की तीनच वाढले असे आपल्याला वाटते. पण तेवढ्याने आवाजाचा जोर दुप्पट होतो! म्हणून ८८ ला चारच तास. ९१ ला दोन तास. ९४ ला एक तास. १०० डेसिबलला फक्त पाव तास. आणि उड्डाणाच्या जोरात असलेल्या जेट इंजिनाजवळ तर आवाज १२० च्याही वर जातो. तेथे कान उघडे ठेवून क्षणभरही उभे राहू नये.

आपल्याजवळ मापाचे यंत्र नाही. मग कसे ओळखावे? सोपे आहे. हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या सोबत्याशी बोलायला ओरडावे लागत असेल, तर तो आवाज कान खाणारा आहे. दुसरी खूण म्हणजे पाळी संपल्यावर कान भरल्यासारखे वाटतात, आवाज दुरून आल्यासारखे येतात. रात्री झोपून सकाळी उठले की बरे वाटते. हेच फसवे आहे. माणूस म्हणतो, बरे झाले. मामाही वर्षानुवर्षे असेच म्हणाले.

"मग कानात कापूस घालायचा होता की!" आक्का आतून म्हणाली.

मामांना ते कळले नाही. भाच्याने समोर तोंड करून सांगितले. तेव्हा मामा हसले.

"आक्का, कापसानं काय होतंय? कापूस म्हणजे गळक्या छपराला पोतं. बोळे मिळतात, फोमचे, पिवळे नाहीतर नारिंगी. मलाही मिळाले होते. पहिल्या महिन्यात ठेकेदाराच्या माणसानं दिले. मी ते खिशात ठेवले. घामानं कान खाजायचे. बोळे घातले की सुपरवायझरची हाक येत नाही असं वाटायचं. जुने लोडर घालत नव्हते, मग मी नवा कशाला घालू? पुढं ते हरवले. पुन्हा मागायला गेलो तर म्हणाला, संपलेत. मग मीही पुन्हा विचारलं नाही."

यात ठेकेदाराची चूक आहे. बोळे देणे, जुने झाले की नवे देणे, ही मालकाची जबाबदारी आहे. ती कामगाराच्या खिशातून भरून घेण्याची गोष्ट नाही. पण बोळे खिशात असताना मामांचे कान उघडे होते, हेही खरे. ते मामांनीच सांगितले, म्हणून लिहितो.

बोळा घालायची एक रीत आहे. ती कोणी दाखवत नाही. माणूस बोळा नुसता कानाच्या तोंडाशी टेकवतो, आणि तो पडतो. हात आधी धुवावे. बोळा बोटांनी वळून वातीसारखा बारीक करावा. उजव्या कानात घालायचा असेल तर डावा हात डोक्यावरून नेऊन उजवा कान वर आणि मागे ओढावा. म्हणजे कानाची वाट सरळ होते. मग बोळा आत सारावा व बोटाने अर्धा मिनिट दाबून धरावा. तो आत फुगतो आणि बसतो. आपला आवाज आपल्यालाच मडक्यात बोलल्यासारखा वाटला की समजावे, नीट बसला. फार मोठ्या आवाजाजवळ काम असेल तर त्यावर हेडफोनसारखा दिसणारा कानझाकणा घालतात. तो नुसता गळ्यात अडकवून हिंडणारे पुष्कळ असतात. कानाला त्याचा काय उपयोग?

आता भाचा जरा छाती काढून म्हणाला, "कानाचं मी सांभाळीन. बाकी कामाची मला भीती नाही. आम्ही बाजार समितीत पन्नास किलोची पोती उचलतो. विमानातली बॅग पंधरा किलोची."

मामा म्हणाले, "पोतं तू उभ्यानं पाठीवर घेतोस. तिथं उभंच राहता येत नाही."

ही गोष्ट ज्यांनी पाहिली नाही त्यांना पटत नाही. आपल्या देशात नेहमी उडणाऱ्या मधल्या आकाराच्या विमानात माणसे वर बसतात आणि सामान त्यांच्या पायांखालच्या कप्प्यात असते. त्या कप्प्याची उंची सव्वा मीटरही भरत नाही.  मोठ्या माणसाने तेथे गुडघ्यांवर बसावे, नाहीतर वाकून रांगावे. पट्ट्यावरून बॅग येते. ती बसल्या बसल्या ओढायची, कंबर पिळून मागे फिरवायची आणि थरावर थर लावायची. पायांचा जोर लागतच नाही. सगळा भार कंबरेच्या मणक्यांवर.

आणि हिशेब करून पाहा. समजा, एका विमानात १०० बॅगा आहेत. एक बॅग १५ किलोची. म्हणजे १५०० किलो. पंधरा क्विंटल झाले! ते उतरवायचे, आणि तितकेच पुन्हा चढवायचे. तीस क्विंटल. वेळ किती, तर विमान पुढच्या फेरीला सुटेपर्यंत. कधी पाऊण तास, कधी त्याहून कमी. एका पाळीत अशी चार-पाच विमाने आली तर बेरीज तुम्हीच करा. टोळीत चार-सहा गडी असतात म्हणून भार वाटला जातो. पण एक गडी रजेवर असला की त्याचा वाटा बाकीच्यांच्या कंबरेवर येतो.

सगळ्या बॅगा पंधरा किलोच्या नसतात. परदेशी जाणाऱ्यांच्या बॅगा तीस-बत्तीस किलोपर्यंत असतात. बत्तीस किलोवरची एकच बॅग सहसा घेत नाहीत. ती दोन करून आणायला सांगतात. हा नियम प्रवाशाला जाचक वाटतो. तो लोडरच्या कंबरेसाठी आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते. जड बॅगेला चिठ्ठी लावलेली असते. तशी चिठ्ठी दिसली की दोघांनी मिळून उचलावी. एकट्याने उचलून कोणी शाबासकी देत नाही. गुडघ्यांखाली जाड पट्टी किंवा गादी घ्यावी. कंबर पिळण्याऐवजी गुडघ्यांवर सबंध अंग फिरवावे. बॅग पोटाशी धरावी, हात लांब करून नव्हे. आणि कप्प्यातला माणूस दर विमानाला बदलावा. एकाच गड्याला दिवसभर आत ठेवू नये. हे टोळीने आपसांत ठरवले तरी होते.

भाचा आता गप्प बसून ऐकत होता. मामा आपणहून पुढे बोलू लागले.

"पण पहिल्या दिवशी मी तुला काय शिकवीन सांगू? लाल दिवा. विमानाच्या पाठीवर आणि पोटाखाली एकेक लाल दिवा असतो. तो उघडझाप करत असला की समजायचं, इंजिन चालू आहे, नाहीतर आता चालू होणार. तो दिवा विझल्याशिवाय, चाकांपुढं-मागं ठोकळे लागल्याशिवाय आणि सुपरवायझरची खूण झाल्याशिवाय विमानाकडे पाऊल टाकायचं नाही. कितीही घाई असो."

जेट इंजिन पुढून हवा ओढते आणि मागून फेकते. चालू इंजिनापुढे काही मीटरपर्यंतचा माणूस आत ओढला जाऊ शकतो. मागचा झोत ट्रॉलीसुद्धा उलटवतो. १६ डिसेंबर २०१५ च्या रात्री मुंबई विमानतळावर एक विमान मागे ढकलण्याचे काम चालू होते. विमान कंपनीचा एक तंत्रज्ञ जवळच उभा होता. इंजिन चालू झाले आणि तो आत ओढला गेला. तो नवशिका नव्हता, जाणता माणूस होता. मामा त्या काळी तेथेच कामाला होते. त्या रात्रीबद्दल ते जास्त बोलले नाहीत.

कानांत बोळे घातलेल्या माणसाला मागून येणारा ट्रॅक्टर ऐकू येत नाही, ही शंका खरी आहे. म्हणून बोळे काढायचे नसतात, तर मान फिरवायची असते. चमकणारे जाकीट अंगात हवे. हाताच्या खुणा पाठ हव्यात. चालताना मोबाईल खिशात हवा.

ऊन, धूर आणि जागरण, हे तिन्ही तेथे आहेच. शेतकऱ्याला उन्हाचे काय सांगायचे! फरक एवढाच की शेतात बांधावर झाड असते, तेथे सगळे काँक्रीट; खालून तापते आणि वरून तापते. तहान लागायची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहावे. घाम यायचा थांबला, डोके भणभणले, बोलणे अडखळले, तर तो उष्माघात समजावा. त्या गड्याला लगेच सावलीत न्यावे, अंग पाण्याने भिजवावे, वारा घालावा आणि डॉक्टरला बोलवावे. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ साली जाहीर केले आहे. म्हणून उभा ट्रॅक्टर चालू ठेवून त्याच्या धुरात गप्पा मारत बसू नये. विमानाचे इंधन अंगावर उडाले तर कपडे बदलावे, कातडी साबणाने धुवावी.

"मामा," भाच्याने विचारले, "तुम्ही दवाखान्यात दाखवलं नाही?"

"दाखवलं. पण उशिरा. आणि भीत भीत. वाटायचं, बहिरा म्हटलं की कामावरून काढतील. घरभाडं कोण भरणार?"

ही भीती मोठी आहे. तिला नुसते 'भिऊ नका' म्हणून चालत नाही. हातात काय आहे ते माहीत हवे.

ज्याच्या पगारातून ई.एस.आय. कापले जाते, तो कामगार विम्याच्या दवाखान्यात जाऊ शकतो. जुलै २०१९ पासून कामगाराच्या शंभर रुपयांमागे पाऊण रुपया कापतात, आणि मालक सव्वातीन रुपये भरतो. पगारपत्रकावर ही कपात दिसते की नाही ते पाहावे. वाचता येऊ लागले आहे, तर पहिल्यांदा हे वाचावे! आवाजाने ऐकू कमी येणे हा धंद्यामुळे होणारा आजार आहे, हे कायद्याने मानलेले आहे. १९२३ च्या भरपाईच्या कायद्याच्या यादीत तो होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांच्या यादीतही तो आहे. त्या संहितांप्रमाणे प्रत्येक कामगाराला नेमणुकीचे पत्र द्यावे लागते. ठेकेदार म्हणेल, पत्र कशाला, तू आपला माणूस. आपला माणूस असला तरी पत्र मागावे.

पण भरपाई मागताना पहिला प्रश्न येतो, तू कामाला लागलास तेव्हा तुझे कान चांगले होते कशावरून? येथे मामा अडकले. चौदा वर्षांपूर्वीचा एकही कागद त्यांच्याजवळ नव्हता. कान तपासण्याचे यंत्र असते. बंद खोलीत कानावर हेडफोन लावतात. बारीक-मोठे सूर ऐकवतात. ऐकू आला की बटण दाबायचे. त्याचा आलेख कागदावर निघतो. दुखत नाही, फार वेळही लागत नाही. हा कागद कामाला लागण्यापूर्वी एकदा काढावा, आणि मग दर वर्षी काढावा. दोन कागद शेजारी ठेवले की कान किती गेला ते अडाण्यालाही दिसते.

मामांच्या डॉक्टरांनी त्यांना ऐकण्याचे यंत्र लावायला सांगितले आहे. ते अजून लावलेले नाही. लोक हसतील असे त्यांना वाटते. चष्म्याला कोणी हसत नाही, मग याला का हसावे, मला कळत नाही.

चार दिवसांनी मामा परत निघाले. भाचा त्यांच्याबरोबर साताऱ्यापर्यंत गेला. जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांपुढे रांगेत बसला. तपासणी झाली, कागद मिळाला. त्यावर तारीख आहे, शिक्का आहे. घरी आणून त्याने तो रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवला. नोकरीला जायचे की नाही ते अजून ठरलेले नाही. आईचा जीव होत नाही.

मामा निघाले त्या सकाळी आक्काने भाकरी बांधून दिली होती. ती हाक मारणार होती, पण थांबली. ओट्याच्या पायऱ्या उतरून ती मामांच्या समोर गेली, तोंडाकडे तोंड करून म्हणाली, "बापू, भाकरी घेतलीस का?"

"घेतली आक्का," मामा म्हणाले.